जुन्या मर्सिडीज ३००डी (डब्ल्यू१२३) चा डिझेल पंप परत बसवलाय, टायमिंग कसं जुळवू?

थेंबाची पद्धत वापरा, बिनखर्चाची आहे. पंपावरचा पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (डिझेल मागे येऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह) आणि स्प्रिंग काढा, होल्डर (त्यावरचा, पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) परत लावून त्यावर वाकडी नळी बसवा. पंपाचा लिव्हर फुल थ्रॉटलला. हातपंप मारत राहा आणि इंजिन पान्याने हळूहळू फिरवा. कॉम्प्रेशन स्ट्रोकवर (पिस्टन हवा दाबत वर जाताना) नळीतली डिझेलची धार तुटून सेकंदाला साधारण एक थेंब पडायला लागला की थांबा. तेव्हा पुलीवर टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो त्या जागेच्या) आधी २४ अंश दिसले पाहिजेत. जरा पुढे गेलात तर उलटं फिरवू नका, चेन आणि गिअरमधला ढिलेपणा हमखास फसवतो. सरळ दोन फेरे मारून परत त्या जागी या. फरक असेल तर पाइपांचे नट आणि पंपाचे बोल्ट सैल करून पंप किंचित वळवायचा, पुन्हा तपासायचं. होल्डरखालचं सील नवंच टाका, जुनं गळणारच.