टॅनिनची पावडर आणि मिथेन : आधी दावणीत काय आहे ते बघा

विट्याहून विचारणा आली आहे. दुकानदाराने हिरडा-बाभळीच्या सालीची पावडर दिली, 'मिथेन कमी होतो, दूध दोन लिटरनं वाढतं' म्हणाला. अर्धा अर्धा किलो दोन वेळा घालतोय. दहा दिवसांत एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईचं दूध उतरलं, शेण खड्यासारखं पडतंय. म्हसवडच्या एकांनी बाभळीच्या शेंगा शेळ्यांना चालतात का विचारलं आहे, तर फलटणहून सुबाभळीबद्दल.

विटेकर, पावडर आजच बंद. हळूहळू कमी करायची नाही, बंद. पाणी भरपूर पाजा. गाय खात नसेल किंवा लघवी गडद झाली असेल तर डॉक्टरांना बोलवा. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्यातला तुरट पदार्थ, जास्त झालं की मूत्रपिंडावर, यकृतावर जातं.

टॅनिनने मिथेन कमी होतो हे खरं आहे. कोठीपोटात, म्हणजे जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा कुजताना मिथेन तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. खाद्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते, निकृष्ट चाऱ्यावर जास्त. टॅनिन हा मिथेन बनवणाऱ्या कोठीपोटातल्या जंतूंना आवर घालतं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने काढलेल्या 'हरित धारा' या टॅनिनयुक्त पूरक खाद्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो. तेही तीन महिन्यांवरच्या जनावरांनाच द्यायचं, वासरांना नाही.

पण दुकानदार पुढचं सांगत नाही. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं. पेंड, मेथीघास असं प्रथिनांचं खाद्य भरपूर असेल तर त्याचा फायदा, प्रथिनं कोठीपोटात न सडता पुढे जातात. तुमच्या गाईपुढे मात्र उसाचं वाढं (शेंड्याचा पाला) आणि कडबा. वाढ्यात प्रथिनं ५-६ टक्के, त्यातलीही टॅनिननं अडवली तर जंतू उपाशी, मग गाय उपाशी. उन्हाळ्यात वाढ्यावर जनावर काढायचं असेल तेव्हा टॅनिन नकोच. परत सांगतो, नकोच.

मात्रेचा हिशोब करा. सुक्या खाद्याच्या २ ते ३ टक्के टॅनिन पुष्कळ झालं, ५ च्या पुढे गेलं की खाणं आणि पचन दोन्ही घसरतं. हिरड्यात टॅनिन सुमारे ३० टक्के. दिवसाची एक किलो पावडर सगळी हिरड्याचीच धरली तर ३०० ग्रॅम टॅनिन. गाय वाढ्यावर जेमतेम आठ किलो सुकं खात असेल तर पावणेचार टक्के झालं. पिशवीवर टॅनिनचा टक्का छापलेला आहे का? नसेल तर ती पिशवी दावणीत रिकामी करू नका. 'जरा जास्त घाला, फरक दिसेल' म्हणणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका, फरक दिसतो तो असाच.

म्हसवडकर, शेळीला टॅनिन गाईपेक्षा बरंच पेलतं, तिच्या लाळेतच त्याला बांधणारी प्रथिनं असतात. पिकलेल्या सुक्या शेंगा कुटून, भुश्शात मिसळून थोड्या द्या. हिरव्या शेंगांचा ढीग पुढे टाकू नका.

फलटणकर, सुबाभूळ चांगली, पण तिच्यात टॅनिनशिवाय मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य आहे. केस गळतात, गळ्याची गाठ सुजते. पाला सुकवून, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा.

मला विचाराल तर मिथेनवर स्वस्त उपाय मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा. मका दाणा चिकात असताना कापा, कुट्टी करा, पिशवीत दाबून हवा काढा, ४५ दिवस तोंड उघडू नका. वाढं कमी करून मुरघास, जोडीला मेथीघास आणि सरकी पेंड. चारा पचला की दूध वाढतं, दर लिटरमागे मिथेनही कमी होतो. पावडरीचे पैसे कुट्टी यंत्रात घाला. राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास प्रकल्पाला ५० टक्के अनुदान आहे, अर्ज ऑनलाइन, चौकशी तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात.

आणि पावडरीसोबत 'कार्बन क्रेडिटचे (मिथेन कमी केल्याबद्दलचे) पैसे खात्यावर येतील' असं कोणी सांगत असेल तर लेखी करार मागा. तो मिळेपर्यंत आगाऊ एक रुपयाही देऊ नका.