हाताने 2,328 केल्विन, कँटेरात 2,226: माझं कुठे चुकतंय?

मिथेन हवेत जळताना ज्वालेचं तापमान तुम्ही हाताने 2,328 केल्विन काढलंत, आणि कँटेरा या ज्वलनाचं गणित करणाऱ्या प्रोग्रामने 2,226 दिलं. तुमचं गणित चुकलेलं नाही, त्यात एक गोष्ट धरायची राहिली आहे. मिथेन हवेत पुरतं जळून फक्त कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि नायट्रोजन उरतो, असं तुम्ही मानलंत. पण एवढ्या तापमानाला हे रेणू शाबूत राहत नाहीत. थोडे फुटतात, त्यातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, ओएच (पाण्याच्या रेणूचा तुकडा) तयार होतात. फुटायला लागणारी उष्णता ज्वालेतूनच जाते, म्हणून शंभरेक अंशांची घट. कँटेराचं आउटपुट नीट बघा: कार्बन मोनॉक्साइड मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येने, साधारण 0.9 टक्के दिसेल, ओएच 0.3 टक्क्यांच्या आसपास.

पडताळून पाहायचं असेल तर घटकांच्या यादीत मिथेन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढेच ठेवून पुन्हा चालवा. तुमचाच आकडा परत येईल. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे आधी करायला लावतो.

कँटेरात रासायनिक समतोल काढताना एचपी, म्हणजे एन्थाल्पी (उष्णतेचा एकूण हिशेब) आणि दाब स्थिर, हाच पर्याय हवा. यूव्ही, म्हणजे अंतर्गत ऊर्जा आणि आकारमान स्थिर, दिलंत तर बंद भांड्यातलं तापमान मिळेल, साडेतीनशे केल्विनने जास्त.

आणि जळण्याआधीची हवा 25 अंश सेल्सिअसला धरणं, हे पुस्तकातलं तापमान झालं. आपल्या सोलापुरात मे महिन्यात हवा 42 अंशांवर असते. तेवढ्याने उत्तर नऊ-दहा केल्विन वर सरकतं.

पुढे बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्यावर, काम करणार आहात असं लिहिलंय, म्हणून सांगतो. मी साखर कारखान्याच्या बॉयलरवर आहे. सुरुवातीला सीईएमध्ये (नासाचा असाच समतोल काढणारा प्रोग्राम) इंधन भरताना बगॅसमधलं पाणी मी वाफ म्हणून टाकलं होतं. बगॅस निम्मा पाण्याचाच असतो, आणि ते पाणी द्रवरूपात आत जातं. त्याची वाफ करायला किलोला सुमारे 2.4 मेगाज्यूल लागतात, ते हिशेबातून गळाले आणि तापमान पावणेदोनशे अंशांनी फुगलं. भट्टीच्या खिडकीतून दिसणारी नारिंगी आग आणि माझा आकडा जुळेचना, तेव्हा एन्थाल्पीची ओळ तपासली.

तेव्हा पाणी द्रव म्हणूनच भरा, आणि ओलाव्याचा आकडा पुस्तकातून न घेता कारखान्याच्या लॅबमधून मागवा. पाळीगणिक तो बदलतो.