ट्यूब अॅम्प्लिफायरसाठी स्वस्त ड्रायव्हर निवडताना
आपला अॅम्प्लिफायर एका ट्यूबवर जेमतेम २-३ वॅट देणारा असेल, तर ड्रायव्हरवर (म्हणजे पेटीविना नुसत्या स्पीकरवर) ठळक छापलेल्या वॅटकडे दुर्लक्ष करून आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते पाहावे. ८६ डेसिबलच्या ड्रायव्हरला ज्या आवाजासाठी १६ वॅट लागतात, तोच आवाज ९५ डेसिबलचा ड्रायव्हर २ वॅटमध्ये देतो. ड्रायव्हरचा इम्पिडन्स (ओहममधील विद्युत अडथळा) अॅम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टॅपशी (स्पीकर जोडायच्या टोकाशी) जुळावा, इतके पुरे. कागदी कोनचा (आवाज काढणाऱ्या शंकूचा), मधोमध छोटा दुसरा कोन असलेला ८ इंची ड्रायव्हर मला या कामी सर्वांत किफायतशीर वाटतो, जरी त्याचा वरचा स्वर कधीकधी कानाला टोचतो. फीडबॅक (आउटपुटचा अंश परत इनपुटला देणारी जोडणी) नसलेल्या अॅम्प्लिफायरची कोनवरील पकड सैल असल्याने लहान बंद पेटीत बास घुमतो. म्हणून प्रथम ड्रायव्हर साध्या रुंद फळीवर बसवून ऐकावा. घेताना कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी हळूच, समान दाबावा; खरखर जाणवल्यास कोनमागची तारेची कॉइल घासत आहे, तो नग घेऊ नये.