अर्धा किलोचं भरीत

घणसोलीहून एकीने लिहिलंय: ‘ताई, माझं माहेर यावलकडचं. हिवाळ्यात शेतात भरीत करायचे ते माझे वडील, नाना. आईचा त्यात हात नसायचाच. नाना गेल्यापासून दर रविवारी अर्धा किलो जांभळी वांगी आणते, गॅसवर भाजते, आणि दर वेळी काहीतरी चुकतं. आईला विचारलं तर म्हणते, ते त्यांचं काम, मला काय माहीत. नवरा रत्नागिरीचा, तो “छान झालंय” म्हणतो आणि मला रागच येतो. मुलगा ताटाकडे बघतही नाही. काय करू?’

बाई गं, आधी नवऱ्याला मोकळं कर. नानांच्या हातचं त्याने खाल्लं असेल ते जावई म्हणून, एकदा-दोनदा. तुला हवी ती पावती त्याच्याकडे नाहीच.

आता वांग्याकडे येऊ. आपल्याकडचं भरिताचं वांगं हिरवट-पांढरं, थोराड, कमी बियांचं. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. बाजारातल्या जांभळ्या वांग्याकडून ती चव मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे. माहेरच्या कुणालाही सांग, थंडीत रात्रीच्या ट्रॅव्हल्सने एक पिशवी पाठवतील. शिवाय तिकडे वांगी भाजतात तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर. तो धूर गरात उतरतो. गॅसवर तो येणार कुठून? भाजलेलं वांगं नळाखाली धरत असशील तर तेवढं तरी बंद कर, ओल्या हाताने सोल. आणि ठेचायचं ते लाकडी बडगीत. मिक्सर वापरत असशील तर मला कळवू नकोस. तेलात परतलेले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, हे तुला मी सांगायला नको. पत्रात कळण्याच्या भाकरीचा उल्लेख नाही, तो मला खटकला. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळून घे. गिरणीवाला कुरकुरेल, कुरकुरू दे.

पण हे सगळं जमलं तरी तुझं समाधान होईल असं मला वाटत नाही. अडचण त्या अर्ध्या किलोत आहे. नाना कधी अर्धा किलोचं भरीत करायचे का? भरीत पार्टी म्हणजे दहा-वीस किलो वांगी, एक जण जाळाशी, दोघं सोलायला, एक ठेचायला, आणि न विचारता सूचना देणारे पाच-सहा. तू तेच एकटीने, तिघांसाठी, दार लावून, परीक्षेला बसल्यासारखी करतेस. वर दर रविवारी! उन्हाळ्यातसुद्धा करतेस की काय? ते थंडीचं जेवण आहे, बाकीचे आठ महिने खुशाल शेवभाजी कर.

आईला मात्र आता विचारू नकोस. तिला खरंच माहीत नसेल. आणि नाना मिरच्या किती घालायचे, हे तिला दर आठवड्याला फोनवर ऐकावं लागतं, त्याचाही विचार कर. ज्यांना ठाऊक आहे ते वेगळेच आहेत: नानांबरोबर जाळाशी बसणारे चुलते, शेजारच्या मळ्यातले लोक, घरचा सालदार. माझा अंदाज विचारशील तर सालदारालाच सगळं नेमकं माहीत असणार. त्यांच्याकडे प्रमाण मागू नकोस, फोनवर कुणाला सांगता येत नाही. ‘डिसेंबरात येतेय, शेतात करू’ एवढंच म्हण. तिथे बघत बसू नकोस, ठेचायला तू बस. पोरगं बरोबर ने. काड्या पेटवायला मिळाल्या की तो ताटाचं नंतर बघेल.

परत आल्यावर एकदा घणसोलीतही कर, पण पाच किलोचं. ऐरोली-कोपरखैरण्यात खानदेशातली घरं शोधायला फार फिरावं लागणार नाही. चूक काढणारी तोंडं तुला तिथेच मिळतील. गच्चीवर शेगडी पेटवायला सोसायटीची परवानगी लागेल. सेक्रेटरीला आमंत्रण आधी दे, अर्ज नंतर.