नाळेच्या रक्तात बाळाचं कोलेस्टेरॉल ६८ आलं, आईने स्निग्ध पदार्थ बंद करावेत का?

तुम्ही लिहिलंय की जन्माच्या वेळी नाळेतून घेतलेल्या रक्तात बाळाचं एकूण कोलेस्टेरॉल ६८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं आणि रिपोर्टवर पुढे 'कमी' अशी खूण आहे. बाळाच्या बाबांना मात्र तिशीतच कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुरू झाल्यात, म्हणून तुम्ही स्वतःच्या जेवणातले स्निग्ध पदार्थ बंद करायचं म्हणताय. ते अजिबात करू नका.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, असे रिपोर्ट रोज माझ्या हाताखालून जातात. ती खूण मोठ्या माणसाच्या पट्टीने उमटलेली आहे. नाळेच्या रक्तात एकूण कोलेस्टेरॉल साधारण ६० ते ७०, एलडीएल (ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ३०च्या आसपास आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) ४०च्या जवळपास असणं अगदी नेहमीचं. तुमच्या बाळाचा आकडा उत्तम आहे.

दूध सुरू झालं की हे आकडे भराभर चढतात, आणि ते चढायलाच हवेत. आईच्या दुधातली जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते, कोलेस्टेरॉलही त्यात भरपूर असतं. अंगावर पिणाऱ्या बाळांचं कोलेस्टेरॉल पावडरच्या दुधावरच्या बाळांपेक्षा जास्त दिसतं, त्याने काही बिघडत नाही. याच काळात मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि मज्जातंतूंवरचं आवरण बनायला स्निग्ध पदार्थ लागतात. शिवाय तुम्ही काय खाता त्यावर दुधातल्या चरबीचा प्रकार थोडाफार बदलतो, एकूण प्रमाण फारसं घटत नाही. म्हणजे उपाशी तुम्ही राहाल, आणि बाळाच्या पदरात काहीच पडणार नाही.

बाबांची गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. एलडीएल खूपच जास्त आणि तेही तरुणपणी, असं असेल तर तो जास्त कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक प्रकार असू शकतो. साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला तो असतो, आणि एका पालकाकडे असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. नाळेच्या रक्तावरून तो ओळखता येत नाही, कारण असलेल्या आणि नसलेल्या बाळांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. त्यामुळे ६८ने त्या बाबतीत निश्चिंत होऊ नका.

तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या चरबीने मला खरंच हादरवलं ते एकदाच. जेमतेम महिन्याच्या बाळाच्या रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून (रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रातून) काढली, तर वर पिवळसर पारदर्शक प्लाझ्माच्या जागी दुधासारखा पांढराशुभ्र थर. ट्रायग्लिसराइड हजारांत! मी रिपोर्ट छापायची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावला. चरबी फोडणारं एन्झाइमच त्या बाळात नव्हतं. अशा बाळांना स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना वेगळ्या प्रकारच्या चरबीचं खास दूध द्यावं लागतं. हा आजार फारच दुर्मीळ, म्हणून तुम्ही त्याची धास्ती घेऊ नका.

बाळाला पोटभर पाजा, तुम्हीही नीट जेवा. बाबांचा जुन्यात जुना रिपोर्ट, शक्यतो गोळ्या सुरू होण्याआधीचा, शोधून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आजी-आजोबा, काका, आत्या यांपैकी कुणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल तर तेही सांगा. बाळाचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या या सगळ्या चरबींची तपासणी, ते दोन वर्षांचं झाल्यावर करता येईल. तुमचंही कोलेस्टेरॉल जास्त असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना आत्ताच सांगा. पण गरोदरपणात ते सगळ्यांचंच वाढतं, म्हणून त्या महिन्यांतला आकडा धरू नका.