जळगावात अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करताना उमेद आणि तब्येत कशी टिकवावी?

मी जळगावच्याच एका अभ्यासिकेत चार वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. आधी झोप सांभाळ. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी तेच पान पुन्हा वाचण्यात काय हशील?

मग पोट. दुसऱ्या वर्षी पैसे वाचवायला मी एकवेळचा डबा बंद केला, दुपार चहा-पोह्यांवर ढकलायचो. मे महिना, पारा ४४ च्या वर, पाणी पिण्याचंही भान नाही. एके दिवशी अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर आली, कठडा धरून तिथेच बसलो. त्यानंतर आईने गावाहून कळण्याचं पीठ पाठवलं. ज्वारी-उडदाची ती एक भाकरी, थोडा ठेचा आणि ग्लासभर ताक यावर संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. आणि रोज फोनवर तिचा पहिला प्रश्न, "जेवना का रे भाऊ?"

सकाळी मेहरूण तलावाकडे अर्धा तास पायी जाऊन ये. मोबाइल खोलीवरच ठेव.

शेजारचा किती तास बसतो हे मोजू नकोस. आज कोणते दोन घटक संपवले, एवढंच वहीत लिही.

निकालानंतर झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नको वाटू लागलं, तर एकटा राहू नकोस रे. घरी सांग, किंवा १४४१६ वर फोन लाव. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.