शेत पडीक टाकलं की पक्षी वाढतात का?

प्रश्न (एक वाचक, चोडण, गोवा): नमस्कार ताई, चोडणला आमच्या वाट्याचं खाजन शेत आहे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासनं राखलेलं. बांध फुटून आठ-नऊ वर्षं झाली, तेव्हापासनं कुणी नांगर घातला नाही, आता अर्ध्या शेतात खारफुटी उभी राहिलीय. मुलगी कॉलेजात शिकते, ती म्हणते बाबा असंच राहू दे, बेटांवरचे पक्षी माणसामुळंच संपलेत, माणूस बाजूला झाला की ते आपोआप येतात. पुतण्या म्हणतो भराव घालू आणि प्लॉट पाडू. माझ्या मनात अजून कोरगुट भात लावायचं आहे. पक्ष्यांचा विचार केला तर बरोबर कोण?

उत्तर: भाऊ, मुलीचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं हलक्यात घेण्यासारखं नाही, म्हणून आधी तेच सांगते. १५०० सालापासनं जगातनं कायमचे गेलेले जे पक्षी आहेत त्यातले दहातले जवळपास नऊ बेटांवरचे होते. भर समुद्रातल्या बेटावर लाखो वर्षं एकटा वाढलेला पक्षी फक्त तिथंच असतो, त्याचं जंगल गेलं तर उडून जायला त्याला शेजारचा तालुका नसतो. अंदमानातलं नारकोंडम बघा, सात चौरस किलोमीटरपेक्षाही लहान बेट, आणि तिथला धनेश जगात दुसरीकडं कुठंच नाही. तिथं पोलीस चौकी झाली, माणसांबरोबर बकऱ्या गेल्या, बकऱ्यांनी जंगलातली कोवळी रोपं खाल्ली, म्हणजे ज्या झाडांच्या ढोलीत पुढं धनेशानं घरटं करायचं ती झाडंच वर येईनात, शेवटी बकऱ्या बेटावरनं काढाव्या लागल्या. बकऱ्या चारणं हासुद्धा जमिनीचा वापरच झाला ना.

आता दुसरं बेट, ते आपल्याला इतिहासानं जवळचं आहे. आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे, तिथंही पोर्तुगीजांचंच राज्य होतं. आधी ऊस, मग कॉफी, मग कोको, आणि कोकोखाली बेटाचा केवढा तरी भाग गेला. पण कोको सावलीत वाढवतात, वरची उंच झाडं राखून, त्यामुळं फक्त त्या बेटावरच सापडणारे काही पक्षी या मळ्यांतही टिकून राहिले. काहींना ते जमलं नाही. तिथला बुटका आयबिस आणि ग्रॉसबीक मूळ जंगलाच्या उरलेल्या पट्ट्यातच अडकलेत, दोघंही अतिधोक्याच्या यादीत आहेत, ग्रॉसबीक तर एकोणिसाव्या शतकात मिळाल्यावर परत दिसला तो एकदम १९९१ ला! नंतर बेटाच्या दक्षिणेला तेलाच्या पामची लागवड झाली, तिच्यात कोकोच्या मळ्यासारखी सावली नाही नि पक्ष्यांना थाराही नाही. दोन्हीकडं माणसानंच लावलेलं पीक, पण फरक केवढा बघा. म्हणून माणूस हवा की नको यापेक्षा माणूस तिथं काय करतो ते मी आधी विचारते.

चोडण या दोघांसारखं नाही. मांडवीतलं बेट, रायबंदरहून फेरीबोटीत बसलं की थोड्या वेळात पोचलो, आणि इथला पक्षी दिवाडीलाही जातो, करमळीच्या तळ्यावरही जातो, फक्त चोडणचा असा एकही पक्षी नाहीये. हिवाळ्यात जे येतात ते हजारो किलोमीटर लांबून येतात, ते येतात चिखलासाठी आणि पावलाएवढ्या उथळ पाण्यासाठी. आणि ही चिखलाची, उथळ पाण्याची कितीतरी जागा माणसानं घडवलेली आहे, तुमच्याच पूर्वजांनी! बांध, मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, पोंय म्हणजे आतलं तळं, सगळं हातानं केलेलं. ओहोटीला मानस उघडून पाणी बाहेर जातं, भरतीच्या दाबानं तीच मिटते, पावसात भात, कापणी झाल्यावर पाणी घेऊन मासे-सुंगटां (कोळंबी), आणि त्या पाण्यावर बगळे, करकोचे. पश्चिम टोकाला सलीम अलींच्या नावाचं अभयारण्य आहे, १९८८ पासनं आहे, पण ते जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. तिथल्या खारफुटीवर पक्षी रात्र काढतात आणि सकाळी चरायला शेतात येतात, म्हणजे तुमचं शेत गेलं तर त्यांचं ताटच गेलं.

खारफुटी वाईट असं मी मुळीच म्हणत नाही, बांधाच्या बाहेरची खारफुटीच बांधाला लाटांपासनं वाचवते, माशांची पिल्लंही तिथंच वाढतात. पण ती शेतभर दाट झाली की चिखलावर धावणारे छोटे पक्षी उतरत नाहीत, त्यांना चहूबाजूंनी मोकळं लागतं, शिकारी लांबनं दिसावा म्हणून. त्यातले कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लव्हर २०२४ च्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत, असुरक्षित गटात गेलेत, एवढे दिवस आपण त्यांना नेहमीचेच समजत होतो. भराव घातला तर चिखलही नाही, खारफुटीही नाही, आणि अडलेलं पाणी शेजाऱ्याच्या शेतात जाणार ते वेगळंच. पुतण्याला माझ्याकडनं स्पष्ट सांगा, यात मधला मार्ग मला दिसत नाही.

तर कोरगुट लावाच. उगवलेल्या खारफुटीला हात लावू नका, ती परवानगीशिवाय तोडताच येत नाही, उरलेलं अर्धं शेत परत आत घ्या. मिठाच्या जमिनीत कोरगुट तग धरतं, पहिल्या पावसात वरचं मीठ बरंच धुऊन जातं. अडचण बांधाची आहे, तो एकट्याचा नसतोच, पूर्वी गांवकरी, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, ते बघायची, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनेकडं आलं आणि कितीतरी गावांत तिथंच रखडलं. शेजारच्या दहा घरांना धरून संघटनेची मीटिंग लावून घ्या, मानस सुंगटांसाठी बारा महिने उघडी ठेवायची नाही हेही तिथंच ठरवा, मुलीलाही बरोबर न्या, तिनं पक्ष्यांची बाजू मांडू दे. आणि मातीचं काम मे संपायच्या आत झालं पाहिजे, जूनमध्ये पाऊस लागला की ओली माती बांधावर बसत नाही.